बोल लावण्याआधी ताट पाहावे
आहार, दिवसभराचा उत्साह आणि मनाची स्थिती यांविषयी एक अभ्यासलेख

आपल्या निवासी शाळेच्या दिनक्रमात सकाळचा तिसरा तास हा आम्हा शिक्षकांच्या कसोटीचा तास असतो. पहाटेची वंदना, व्यायाम, आंघोळी, न्याहारी हे सारे उरकून मुले वर्गात बसतात. पहिले दोन तास बरे जातात. तिसऱ्या तासाला मात्र काहींचे डोळे जड होतात, काहींची चुळबुळ सुरू होते, तर कुणी शेजाऱ्याशी क्षुल्लक कारणावरून हमरीतुमरीवर येतो. अशा मुलांना आम्ही वर्षानुवर्षे नावे ठेवत आलो. हा आळशी, तो तापट, हिचे अभ्यासात मनच लागत नाही.

स्मरणिकेसारख्या प्रसंगी संस्थेच्या यशाची उजळणी होते आणि ती व्हायलाही हवी. परंतु ज्या चुकांतून आम्ही शिकलो त्यांचीही नोंद राहावी, या हेतूने एक प्रसंग येथे सांगतो. आठवीतला एक विद्यार्थी तिसऱ्या तासाला हमखास झोपे आणि उठवले की उद्धटपणे उत्तर देई. आम्ही त्याला उभे केले, समज दिली, शेवटी पालकांना पत्रही धाडले. पुढे एके दिवशी भोजनगृहातल्या मावशी सहज बोलून गेल्या, 'सर, त्या पोराची ताटली रोज तशीच राहते. तो न्याहारीला येतच नाही.' चौकशी केली तेव्हा कळले की पाचवीच्या लहान मुलांना आंघोळीसाठी बादल्या भरून देण्याचे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले होते. ते आटोपून तो येईपर्यंत न्याहारीची वेळ संपलेली असे आणि मागून घ्यायला तो संकोचत असे. आमच्या नोंदवहीत तो आळशी होता. वस्तुतः तो उपाशी होता. न्याहारीची वेळ अर्ध्या तासाने वाढवली, उशिरा येणाऱ्याचा वाटा झाकून ठेवण्याची सोय केली आणि काही आठवड्यांतच त्या मुलाविषयीच्या तक्रारी थांबल्या.

या एका प्रसंगाने आम्हाला जो धडा दिला तोच या लेखाचा विषय आहे. थकवा, चिडचिड, सुस्ती, उदासी यांना आपण स्वभावाचे दोष समजतो. त्यांतील बराच भाग ताटात काय होते आणि ते केव्हा होते यावर अवलंबून असतो. म्हणून कुणालाही बोल लावण्याआधी त्याचे ताट पाहावे.

आधी अन्न, मग उपदेश

ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज पडावी हे आपल्यासारख्या धम्मबांधवांना खरे तर शोभत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतल्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. तथागत आळवीला आले त्या दिवशी त्याचा बैल हरवला होता. बैल शोधण्यात त्याचा बराच वेळ गेला आणि तो थकून-भागून, भुकेला असा धम्मश्रवणासाठी आला. सारे लोक उपदेशाची वाट पाहत असताना तथागतांनी प्रथम त्या माणसाला जेवू घालण्यास सांगितले. त्याचे पोट शांत झाल्यावरच त्यांनी धम्म सांगितला. काही भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेची पीडा असताना माणसाला धम्म समजू शकत नाही, असे तथागतांनी स्पष्ट केले. शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही कथा आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावी अशी आहे.

विनयपिटकातील महावग्गात यागूचे, म्हणजे तांदळाच्या पातळ पेजेचे, दहा गुण सांगितले आहेत. भूक व तहान भागणे, पोटाला आराम मिळणे यांबरोबरच बळ, सुख आणि प्रतिभान म्हणजे बुद्धीची तरतरी यांचाही त्यांत समावेश आहे. पेजेच्या एका वाटीचा संबंध अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या परंपरेने बुद्धीशी जोडला होता. कोकणातली पेज आणि देशावरची ज्वारीची आंबील याच कुळातली. आपल्या आज्यांनी ती शेतावर जाणाऱ्या माणसाला का दिली, याचे उत्तर त्या एका नोंदीत सापडते.

शरीरात नेमके काय घडते

प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्केच असतो. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा वापरते तिच्यातील जवळपास वीस टक्के एकटा मेंदू खर्च करतो. त्याचे मुख्य इंधन रक्तातील ग्लुकोज ही साखर होय. मेंदूला हे इंधन साठवून ठेवता येत नाही. ते त्याला रक्ताकडून सतत मिळावे लागते.

रात्री आठला जेवलेले मूल सकाळी आठपर्यंत बारा तास उपाशी असते. या काळात यकृत आपल्या साठ्यातून रक्तात साखर सोडत राहते. पण सकाळपर्यंत तो साठा बराच उतरलेला असतो. लहान मुलांत हा साठा मुळातच लहान असतो. अशा वेळी न्याहारी चुकली आणि रक्तातील साखर खाली येऊ लागली की शरीर ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके सोडते. ही संप्रेरके संकटसमयी धावणे किंवा लढणे यांसाठी शरीराला सज्ज करतात. हात थरथरणे, घाम येणे, छातीत धडधडणे आणि क्षुल्लक कारणाने भडकणे ही त्यांची लक्षणे होत. भुकेल्या माणसाला राग लवकर येतो हा अनुभव आपल्या साऱ्यांचा आहे. त्यामागे शरीराचे असे शास्त्र आहे.

केवळ पोट भरले म्हणजे झाले असेही नाही. कशाने भरले हेही महत्त्वाचे असते. साखरेचा चहा, त्याबरोबर चार बिस्किटे, खारी किंवा टोस्ट ही आज शहरातच नव्हे, तर खेड्यातही कित्येक घरांची न्याहारी झाली आहे. मैदा आणि साखर झपाट्याने पचतात. रक्तातील साखर वेगाने वर जाते, तिला आवरण्यासाठी इन्शुलिन स्रवते आणि साखर पुन्हा खाली येते. काही तासांतच भूक परत येते आणि तिच्यासोबत मरगळ येते. हे वाळलेल्या पाचटाच्या जाळासारखे आहे. भडका मोठा, पण तो टिकत नाही. याउलट ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, किंवा शेंगदाणे घातलेले पोहे आणि एक उकडलेले अंडे अशी न्याहारी असेल तर त्यातील तंतू आणि प्रथिने पचनाचा वेग आवरून धरतात. साखर हळूहळू रक्तात उतरते आणि हा जाळ बाभळीच्या लाकडाप्रमाणे दुपारपर्यंत पुरतो.

न्याहारीचा अभ्यासाशी असलेला संबंध संशोधनानेही तपासला आहे. जमैका बेटावरील ग्रामीण शाळांत एक संपूर्ण शालेय वर्षभर काही मुलांना शाळेतच न्याहारी देण्यात आली आणि त्यांची तुलना ती न मिळालेल्या मुलांशी करण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात न्याहारी मिळालेल्या मुलांची उपस्थिती वाढल्याचे आणि लहान वर्गांतील मुलांचे गणित सुधारल्याचे आढळले. आपल्या देशात कामराज यांनी मद्रास राज्यात १९५० च्या दशकात शाळेतील जेवणाची योजना राबवली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. या साऱ्यांमागेही हाच विचार होता. भरल्या पोटाचे मूल शाळेत येते, टिकते आणि शिकते.

भूक मनाला काय करते

अपुऱ्या अन्नाचा मनावर होणारा परिणाम किती खोल असतो हे दाखवणारा एक प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. अँसेल कीज या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे, शांततेवर श्रद्धा असलेले असे हे तरुण होते. चोवीस आठवडे त्यांना त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या सुमारे निम्मेच अन्न देण्यात आले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले.

शरीराचे हाल अपेक्षितच होते. परंतु निरीक्षकांना चकित केले ते मनातील बदलांनी. आनंदी, मनमिळाऊ तरुण चिडखोर आणि उदास झाले. त्यांना कुणाशी बोलावेसे वाटेना. पुस्तकात लक्ष लागेना. दिवसरात्र अन्नाचेच विचार त्यांच्या डोक्यात घोळू लागले. हे सारे निवडून घेतलेले, सुदृढ, ध्येयवादी तरुण होते. सहा महिन्यांच्या अर्धपोटी जेवणाने त्यांची ही गत झाली, तर ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी गेल्या त्यांना 'तुमचा स्वभावच तसा' असे म्हणणाऱ्यांचा अन्याय किती मोठा होता, याचा विचार वाचकांनीच करावा.

रक्ताची कमतरता आणि घरातील शेवटचे ताट

भूक ओरडून सांगते. रक्तक्षय मात्र मुकाट्याने वाढतो. रक्तातील हिमोग्लोबिन शरीराच्या कानाकोपऱ्यात प्राणवायू पोहोचवते आणि ते तयार होण्यास लोह लागते. लोह कमी पडले की जिना चढताना धाप लागते, डोके दुखते, कशात उत्साह वाटत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. याच वयाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. म्हणजे दहावी-बारावीच्या ज्या वर्षांत आपण मुलींकडून सर्वाधिक अपेक्षा करतो, त्याच वर्षांत दहापैकी जवळपास सहा मुली अपुऱ्या रक्तानिशी अभ्यासाला बसलेल्या असतात.

मासिक पाळीमुळे मुलींची लोहाची गरज अधिक असते हे याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या घरातच आहे. घरची आई सर्वांना वाढून झाल्यावर जेवते. उसळ संपलेली असते, भाजीचा रस्सा तेवढा उरतो, अंडे तर मुलाच्या ताटात गेलेले असते. मुलगी हे पाहत मोठी होते आणि तीही तसेच करू लागते. समतेचा विचार मानणाऱ्या घरात ताटातही समता असायला हवी. आई सतत दमलेली असते, तिची चिडचिड होते, असे म्हणणाऱ्या घराने आठवडाभर तिच्या ताटावर नजर ठेवावी. उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

यावरील उपाय बरेचसे आपल्या हाती आहेत. बाजरी, मटकी, हरभरा, हिरव्या पालेभाज्या यांत लोह असते. मांस, मासे आणि विशेषतः कलेजी यांतील लोह शरीर अधिक सहजतेने शोषून घेते. वनस्पतिजन्य लोहाचे शोषण क जीवनसत्त्वाने वाढते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर पेरू किंवा आवळा खावा. लोखंडी कढईत शिजवलेल्या भाजीतही थोडे लोह उतरते. मात्र जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा हे शोषण लक्षणीयरीत्या घटवतो. जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि ठरावीक काळाने दिली जाणारी जंतनाशक गोळी मुलांनी खिशात न ठेवता खरोखर घ्यावी, याकडे पालकांनीही लक्ष द्यावे.

असाच दुसरा मुका शत्रू म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच प्रामुख्याने मिळते. शाकाहार की मांसाहार हा ज्याचा त्याचा विवेक आहे. परंतु जो शाकाहारी आहे त्याने दूध-दह्याकडे दुर्लक्ष करू नये आणि सतत थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा जाणवत असल्यास रक्त तपासून घ्यावे.

चहा, पाणी आणि झोप

आपले अनेक माजी विद्यार्थी आज पुण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. सुटीत ते भेटायला येतात तेव्हा त्यांच्या दिनक्रमाची चौकशी आम्ही आवर्जून करतो. उत्तर बहुधा एकसारखे असते. सकाळी चहा, अभ्यासिकेत जाताना वडापाव, दुपारी खाणावळीचा डबा, संध्याकाळी आणि रात्री जागण्यासाठी पुन्हा चहा. 'सर, वाचलेले डोक्यात राहत नाही, फार निराश वाटते,' असे त्यांच्यापैकी कित्येक जण सांगतात.

चहा शक्ती देत नाही. मेंदूत दिवसभर साठत जाणारा आणि थकव्याची जाणीव करून देणारा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ असतो. चहा-कॉफीतील कॅफीन त्याचा मार्ग तेवढा अडवते. थकवा जात नाही, फक्त तो कळेनासा होतो. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या चहाचा अंमल म्हणून मध्यरात्रीनंतरही रेंगाळतो, झोप उथळ होते आणि दुसऱ्या दिवशी अधिक चहा लागतो. दिवसा वाचलेले मनात पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे रात्रीच्या त्या कपाची खरी किंमत कळते.

पाण्याकडेही असेच दुर्लक्ष होते. शरीरातील पाणी थोडेसे घटले तरी डोके जड होते आणि एकाग्रता ढळते. मुली शाळेत, प्रवासात किंवा कार्यालयात स्वच्छतागृहाची सोय नसल्याने जाणूनबुजून कमी पाणी पितात. हा दोष त्यांचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. स्वच्छ शौचालय हाही त्या अर्थाने आहाराचाच प्रश्न आहे.

अर्धपोटी अभ्यासाचा गौरव करावा काय?

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. मुलांना उपाशीपोटी अभ्यास करू नका असे सांगितले की कुणीतरी म्हणते, 'बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला. मग आमच्या मुलांनी का करू नये?' प्रश्न आदरापोटी विचारलेला असतो. म्हणूनच त्याचे उत्तरही आदराने आणि स्पष्टपणे द्यायला हवे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये अत्यल्प अन्नावर दिवस काढून ग्रंथालयात अभ्यास करीत हे खरे. पुढील आयुष्यात मधुमेहासारख्या व्याधींनी त्यांना ग्रासले हेही खरे. परंतु मायदेशी परतल्यावर त्यांनी काय केले हे पाहावे. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली त्या सभेमार्फत सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. वसतिगृह म्हणजे निवारा आणि दोन वेळचे जेवण. ज्याने स्वतः अर्धपोटी अभ्यास केला त्याने पुढच्या पिढीसाठी भरल्या पोटी अभ्यासाची सोय केली. बाबासाहेबांचा वारसा भूक हा नव्हे. वसतिगृह हा आहे. आपली शाळा त्याच वारशावर उभी आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळेपाके, उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले होते. त्या दिवसापासून अन्न हा आपल्यासाठी स्वाभिमानाचा विषय झाला. परंतु स्वाभिमानाचा अर्थ लावताना पुढे आपली थोडी गल्लत झाली. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, अंबाडीची भाजी, घुगऱ्या यांना आपण गरिबीची खूण समजू लागलो. मैद्याचे आणि पाकिटातले पदार्थ मात्र प्रतिष्ठेची खूण ठरले. दिवाळीच्या सुटीनंतर मुले परत येतात तेव्हा त्यांच्या पेट्यांत बिस्किटांचे आणि वेफर्सचे पुडे असतात, शेंगदाण्याची चटणी क्वचितच असते. हा बदल पालकांच्या प्रेमातूनच होतो, हे आम्ही जाणतो. ज्याला स्वतःला लहानपणी मिळाले नाही, त्याला ते मुलाला द्यावेसे वाटणारच. परंतु लादलेले उष्टे नाकारणे आणि स्वतःच्या शेतात पिकलेले सकस अन्न नाकारणे यांत अंतर आहे. ज्या भरडधान्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले, ती आपल्या आजीच्या उतरंडीत होती. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ही गरिबीची खूण कशी असेल?

सिद्धार्थ गौतमाचा अनुभवही हेच सांगतो. कठोर तपाने देह अस्थिपंजर झाल्यावर, इतक्या कृश देहाने चित्ताचे ते सुख साधणे सोपे नाही, हे त्यांनी ओळखले आणि अन्न घेतले. सोबतचे पाच तपस्वी त्यांना सोडून गेले, तरीही ते त्या निर्णयावर ठाम राहिले. बोधीच्या वाटेवर एक घास होता, हे आपण विसरू नये.

मात्रा ओळखणे

मध्यम मार्गाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. हा राजा द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे. एकदा असेच जेवून, धापा टाकीत तो तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम सोपवले. राजाचा आहार क्रमाक्रमाने कमी होत गेला आणि त्याचे शरीर हलके झाले. या कथेत राजाला कुणी उपवास सांगितला नाही, धमकावले नाही. जेवताना भान ठेवण्याची आठवण तेवढी दिली आणि बदल हळूहळू होऊ दिला. पाली वाङ्मयात या गुणाला भोजनातील मात्रज्ञता म्हटले आहे.

आजच्या काळात सुदस्सनाचे काम कुणी करावे? आपल्या घरांत जेवताना दूरदर्शन संच सुरू असतो, हातात मोबाइल असतो. पोट भरल्याची सूचना मेंदूला पोहोचण्यास साधारण वीस मिनिटे लागतात. पडद्यात गुंतलेल्या माणसाला ती ऐकू येत नाही. दुपारी भाताचा मोठा ढीग खाऊन येणारी सुस्ती याच बेभानपणाची संतती आहे. आपल्या भोजनगृहात पहिले काही घास मौन राखून घेण्याचा जो नियम आहे, त्याचे प्रयोजन हेच. माजी विद्यार्थ्यांनी तो घरी सुरू केला तर तेथे सुदस्सनाची वेगळी गरज उरणार नाही.

घरी करावयाचा स्वाध्याय

हा अभ्यासलेख असल्याने एक छोटा स्वाध्याय देतो. एक वही घ्यावी आणि सात दिवस चार गोष्टी लिहाव्यात: काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, त्यानंतर दोन तासांनी अंगात उत्साह किती होता आणि मन कसे होते. मनाचे वर्णन एका शब्दात पुरे. शांत, चिडचिडे, उदास, प्रसन्न. स्वतःला दोष देण्यासाठी ही वही नाही, पाहण्यासाठी आहे. सातव्या दिवशी ती सलग वाचावी. कोणत्या दिवशी राग आला आणि त्याआधी काय खाल्ले होते, याची जोडी बहुतेकांना आपोआप दिसू लागते.

आठव्या दिवसापासून एकच बदल करावा. सारे एकदम करू नये. ज्याची न्याहारी चुकते त्याने ती सुरू करावी, मग ती कालची भाकरी आणि दही का असेना. ज्याची न्याहारी चहा-बिस्किटांची आहे त्याने बिस्किटांच्या जागी मूठभर शेंगदाणे आणि भाजलेले हरभरे ठेवावेत. ज्याला रात्री झोप येत नाही त्याने दुपारनंतरचा चहा सोडावा. ज्या घरात आई शेवटी जेवते त्या घराने सर्वांची ताटे एकत्र मांडावीत. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही.

एक मर्यादाही नोंदवणे आम्ही कर्तव्य समजतो. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याने ग्रस्त असलेल्या ६७ व्यक्तींपैकी काहींना बारा आठवडे आहाराविषयी मार्गदर्शन मिळाले, तर इतरांना केवळ सोबत आणि संवाद मिळाला. त्यांतील बहुतेकांचे नेहमीचे उपचार चालूच होते. आहार सुधारलेल्या गटात सुमारे ३२ टक्के व्यक्ती नैराश्यातून बाहेर आल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. हा अभ्यास लहान असला तरी आशा देणारा आहे. परंतु त्यातही आहार सुधारलेल्यांपैकी बहुसंख्यांना केवळ आहाराने पूर्ण आराम पडला नाही, हेही ध्यानात घ्यावे. ज्याची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नाही, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला भाकरी आणि उसळीबरोबर डॉक्टरांची गरज असते. तेथे संकोच करू नये. त्याचप्रमाणे मधुमेह किंवा अन्य आजार असणाऱ्यांनी आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावेत.

आपल्या मराठी घरांत भेटल्याबरोबर विचारला जाणारा पहिला प्रश्न 'जेवलास का?' असा असतो. आपण तो इतक्या सवयीने विचारतो की उत्तर ऐकायलाही थांबत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना एवढीच विनंती आहे. शहरात नव्याने आलेला आपल्या शाळेचा एखादा विद्यार्थी भेटला, तो मलूल दिसला, तुटक बोलला, तर त्याच्या स्वभावाविषयी मत बनवू नका. त्याला 'जेवलास का?' असे विचारा, उत्तर ऐकायला थांबा, आणि ते नाही असेल तर आधी त्याला आपल्या पंगतीला बसवा. पुढचे बोलणे मग होईलच.